लेकीचे खाते

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित कौटुंबिक व्याख्यानमालेत 'पिता आणि कन्या' या विषयावर दिलेले भाषण)



संस्थेच्या पन्नासाव्या वर्षी या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. मी वक्ता नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी. गेली पंचेचाळीस वर्षे माझी जीभ चालली ती भाव सांगण्यापुरती आणि हात चालला तो मीटरवर. त्यामुळे कार्यवाहांनी 'पिता आणि कन्या' हा विषय सुचविला तेव्हा मी म्हणालो, मला जमाखर्चावर बोलायला सांगा. ते हसून म्हणाले, "त्यावर तुम्ही रोजच बोलता." मात्र विचार करता करता माझ्या ध्यानात आले, की या विषयावर मला जे काही सांगता येण्यासारखे आहे, ते एका जमाखर्चाच्या वहीतच लिहिलेले आहे. म्हणून मी होकार दिला.

आपल्याकडे आईविषयी पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. वडिलांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. त्यातही व्यापारी घरातील वडील म्हणजे सकाळी नऊला दुकानाचे कुलूप काढणारे आणि रात्री नऊला ते लावून, किल्ल्यांचा जुडगा खुंटीला अडकवून मुकाट्याने बिछान्याकडे जाणारे गृहस्थ. मुलांना ते दिसतात ते पाठमोरेच. अशा वडिलांच्या मनात लेकीविषयी काय आहे, हे लेकीला कळायला कधी कधी वीस-तीस वर्षे जातात.

वास्तविक आपल्या परंपरेत या नात्याला फार मोठे स्थान आहे. भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना जवळ बसवून ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकविली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अक्षर आणि अंक ही व्यापाऱ्याची दोन चाके. ती प्रथम कन्यांच्या हाती दिली गेली, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. घरी मात्र विसरतो.

अलीकडच्या काळातील उदाहरण घ्यावयाचे तर दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांचे घ्यावे लागेल. १८५१ साली सुरतेत जन्मलेला हा पुरुष मुंबईत जवाहिराच्या व्यापारात नावारूपाला आला. मुंबईची हिराबाग धर्मशाळा आणि ठिकठिकाणची जैन विद्यार्थिगृहे आजही त्यांची आठवण देतात. परंतु माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे दान त्यांच्या घरातच झाले. त्यांची कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाली. त्या काळी विधवेसाठी घराचा एक अंधारा कोपरा ठरलेला असे. या पित्याने लेकीला त्या कोपऱ्यात बसू दिले नाही, तिच्या शिक्षणाची सोय केली. त्याच मगनबाईंनी पुढे मुंबईत श्राविकाश्रम चालवून कितीतरी निराधार भगिनींना अक्षर आणि आधार दिला. शेठजी १९१४ साली गेले. परंतु लेकीच्या हातून त्यांचे दान पुढेही चालू राहिले.

हे झाले थोरांचे. आता एका साध्या माणसाविषयी बोलतो. तो माणूस म्हणजे माझे वडील. एकत्र कुटुंबात पुतणे त्यांना 'भाऊ' म्हणत, म्हणून आम्ही मुलेही 'भाऊ'च म्हणत असू. आणि ज्या लेकीविषयी मी बोलणार आहे, ती माझी थोरली बहीण, आमची ताई. ती आज या सभागृहात समोरच बसलेली आहे. तिची परवानगी घेऊनच मी हे सांगत आहे.

भाऊंचे दुकान म्हणजे बाजारपेठेतील दोन खणांची जागा. पांढरी गादी, लोड, पुढे लाकडी गल्ला आणि मागे फळ्यांवर रचलेले तागे. मांजरपाट, लठ्ठा, पॉपलिन, धोतरजोड्या, इरकली लुगडी आणि लग्नसराईत थोडा भारी माल. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमधून गाठी यायच्या. भाऊंची वाणी मोजकी होती. गिऱ्हाइकाशी बोलायचे तेवढे बोलत; घरात मात्र त्यांची तीनच उत्तरे आम्हाला ठाऊक होती. पटले तर "बरं." पटायचे असेल तर "बघू." आणि पैशाचा प्रश्न आला की "हिशेब कर."

त्यांच्या अबोलपणाला आम्ही मुले घाबरत असू. तो त्यांचा स्वभाव होता की त्यांनी जाणीवपूर्वक पाळलेली वचनगुप्ती होती, हे मला आजही सांगता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात पंचक्रोशीतील शेतकऱ्यांची उधारी थकली. तगाद्याला माणूस पाठवावा, असे काकांचे मत पडले. भाऊ "बघू" म्हणाले आणि वर्षभर त्यांनी कोणालाही पाठविले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरणीच्या मालाची टंचाई पडली. दुकानातील शिल्लक ताग्यांवर चढा भाव घ्यावा, असे मी, त्या वेळचा नवा पदवीधर, त्यांना सुचविले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, तागा उलगडला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला जुनाच भाव सांगितला. मला मिळालेले उत्तर तेवढेच.

आता ताईची गोष्ट. १९७३ साली ती जुन्या अकरावीची शालान्त परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. घरात पेढे वाटले गेले आणि दुसऱ्याच दिवसापासून स्थळांची चर्चा सुरू झाली. आजी म्हणाली, "मुलगी शिकली तेवढं पुष्कळ झालं." काकांनी दोन स्थळे आणली. ताईला विज्ञान शिकायचे होते आणि त्यासाठी पुण्याला जावे लागणार होते. आमच्या घरातील मुलगी शिक्षणासाठी गावाबाहेर राहिल्याचा एकही दाखला त्या वेळी नव्हता. तिने आईला सांगितले, आईने भाऊंच्या कानावर घातले. भाऊ म्हणाले, "बघू."

आठ दिवस घरात कोणी काही बोलले नाही. ताई रोज रडत असे. नवव्या दिवशी पहाटे भाऊंनी तिला हाक मारली. म्हणाले, "कागदपत्रं घे. साडेसहाची एसटी आहे." पुण्यापर्यंतच्या प्रवासात ते दोन वाक्ये बोलले. एक, "खिडकीशी बस," आणि दुसरे, "पाणी पिऊन घे." महाविद्यालयात नाव घातले, मुलींच्या वसतिगृहात पैसे भरले आणि संध्याकाळच्या गाडीने ते परत आले. परतल्यावर आजीने विचारले, काकांनीही विचारले. भाऊंनी सांगितले, "नाव घातलं." पुढे त्या विषयावर घरात एक शब्दही निघाला नाही, कारण ज्याला उत्तर मिळत नाही तो वाद फार काळ टिकत नाही.

भाऊ २००३ च्या उन्हाळ्यात गेले. रिवाजाप्रमाणे गुणानुवाद सभा झाली. समाजातील मान्यवरांनी त्यांच्या सचोटीविषयी, दानधर्माविषयी सांगितले. शेवटी अध्यक्षांनी विचारले, "कुटुंबातून कोणी बोलणार का?" मी मोठा मुलगा, माझी मान खाली. तेवढ्यात महिलांच्या बाजूने ताई उठली. त्या काळी आपल्याकडे अशा सभेत लेकीने उठून बोलण्याची पद्धत नव्हती. ती जे बोलली, ते मी तिच्या भावाच्या नात्याने प्रथमच ऐकत होतो. आम्ही एका घरात वाढलो, पण तिचे वडील मला माहीत नव्हते.

तिने हातात एक लहान डबी आणली होती. त्यात मनीऑर्डरची कुपने होती. मनीऑर्डरच्या फॉर्मला निरोप लिहिण्यासाठी एक छोटा तुकडा असे, तो पैसे घेणाऱ्याकडे राहात असे. पुण्याच्या शिक्षणाच्या काळात भाऊंनी दरमहा पाठविलेल्या पैशांची ती एक्केचाळीस कुपने तिने तीस वर्षे जपून ठेवली होती. बहुतेकांवर एकच मजकूर होता : "रु. ७५ पाठविले. पोच लिहावी. प्रकृती जपावी." ताई म्हणाली, "मला त्या वेळी राग यायचा. मैत्रिणींना चार-चार पानांची पत्रं यायची आणि मला ही पावती."

मग तिने दुसऱ्या वर्षीची गोष्ट सांगितली. भौतिकशास्त्रात ती नापास झाली होती. घरी काय होईल या भीतीने तिने पंधरा दिवस पत्र लिहिले नाही, शेवटी लिहिले. उत्तर आले नाही. महिना भरला आणि मनीऑर्डर आली. कुपनावर लिहिले होते : "रु. ८५ पाठविले. दहा जास्त आहेत. पुस्तक घ्यावे." ताई म्हणाली, "मी ते कुपन घेऊन वसतिगृहाच्या जिन्यात बसले आणि खूप रडले. त्यानंतर मी कधी नापास झाले नाही."

तिने आणखी एक प्रसंग सांगितला. वसतिगृहात रात्रीचे जेवण आठला असे. तिला सूर्यास्तापूर्वी जेवण्याची सवय. पहिले काही दिवस ती उपाशीच झोपली. घरी कळविण्याचा संकोच होता. एके दिवशी भोजनालयाच्या बाईंनी तिला सांगितले, "तुझं ताट उद्यापासून साडेपाचला तयार असेल." कसे, ते तिला कळले नाही. पदवी मिळाल्यावर निरोप घेताना त्या बाई म्हणाल्या, "तुझे वडील पहिल्याच दिवशी येऊन सांगून गेले होते. म्हणाले, ती स्वतः मागणार नाही. आठ दिवस वाट पाहा, मग तुम्हीच द्या. आणि तिला सोडायचं असेल तर सोडू द्या, मला कळवू नका." बंधू-भगिनींनो, नियम पाळायला लावणारे वडील आपण पुष्कळ पाहतो. नियम पाळण्याची सोय करून देऊन निर्णय लेकीवर सोडणारे वडील १९७३ साली आमच्याच घरात होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

शेवटी ताई तिच्या लग्नाविषयी बोलली. पदवी आणि पुढे बी. एड. झाल्यावर १९७९ मध्ये तिचे लग्न झाले, सोलापूरला. पाठवणीच्या वेळी सर्व जण मांडवात होते, भाऊ नव्हते. हाका मारल्या, शोधाशोध झाली. मुहूर्ताची घाई म्हणून शेवटी ती वडिलांना नमस्कार न करताच गाडीत बसली. ही सल तिच्या मनात कित्येक वर्षे होती. पुढे केव्हातरी आमच्या दुकानातील जुन्या मुनीमजींनी सहज सांगितले. वऱ्हाडाची एक जीप बिघडली होती. रात्रीच्या प्रवासात लेक आणि तिच्या सासरची माणसे रस्त्यात अडकू नयेत म्हणून भाऊ स्वतः दुसरी गाडी पाहायला गेले होते. ते दुसरी जीप घेऊन आले तेव्हा ताईची गाडी नुकतीच वळणाआड गेली होती. ते तसेच मागून वेशीपर्यंत गेले आणि परत आले.

हे सांगून ताईने चंदनबालेच्या कथेची आठवण करून दिली. कौशांबीच्या धनावह सेठने बाजारात विकल्या जाणाऱ्या चंदनेला लेक मानून घरी आणले. सेठ गावाला गेले असता मूला सेठाणीने तिचे मुंडन करून, पायात बेड्या घालून तिला कोंडले. तीन दिवसांनी सेठ परतले, लेकीची अवस्था पाहिली, घरात मिळाले ते उडदाचे बाकळे सुपात घालून तिच्या हाती दिले आणि बेड्या तोडण्यासाठी लोहाराला आणायला ते धावले. त्याच वेळी भगवान महावीर दारी आले आणि तिच्या हातून त्यांचे पारणे झाले. ताई म्हणाली, "आपण त्या क्षणाची चित्रं पाहतो. त्यात प्रभू असतात, चंदना असते, सूप असतं. सेठ नसतात. कारण सेठ लोहाराकडे गेलेले असतात. माझे भाऊ आयुष्यभर लोहाराकडे गेलेले होते."

सभा निःशब्द झाली. ती खाली बसली. त्या दिवशी मला माझ्या बहिणीचा अभिमान वाटला. परंतु आता जे सांगणार आहे, त्यात अभिमान वाटण्यासारखे काही नाही. ते सांगितल्याशिवाय हे भाषण पूर्ण होणार नाही.

भाऊंनी मृत्युपत्र केले नव्हते. त्याच वर्षी दिवाळीत ताई भाऊबीजेला आली. मी तिला दोन दिवस जास्त थांबवून घेतले आणि निबंधकांच्या कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. दुकान आणि घर आम्हा दोघा भावांच्या नावे व्हायचे होते. "सगळीकडे असंच असतं," असे मी म्हणालो. तिने कागद वाचला नाही, सही केली. मी दुकानातील सर्वांत भारी साडी काढून तिला दिली. तिने ती कपाळाला लावली. मला त्या वेळी यात काही वावगे वाटले नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

पुढल्या वर्षी, म्हणजे २००४ च्या दिवाळीपूर्वी, माळ्यावरील जुन्या वह्यांची साफसफाई काढली. भाऊंच्या खाजगी खतावणीत एक पान मिळाले. वर ताईचे नाव होते, आणि तेही माहेरचे. १९७३ च्या दिवाळीपासून दर पाडव्याला त्या खात्यावर रक्कम जमा होती. आधी एकशे एक, १९८३ पासून एक हजार एक, १९९० पासून दोन हजार एक. दर साल दर शेकडा नऊ रुपयांप्रमाणे व्याज न चुकता लावलेले. नावेच्या बाजूला तीस वर्षांत एकही नोंद नाही. मी वाणिज्याचा विद्यार्थी. माझी नजर प्रथम तेथेच गेली. मी शोधले, तर तिच्या शिक्षणाचा सारा खर्च, ती एक्केचाळीस मनीऑर्डरींची रक्कम धरून, भाऊंनी स्वतःच्या नावे टाकली होती. लेकीचे शिक्षण हे लेकीवरचे येणे नव्हे, एवढे त्यांनी खतावणीत लिहून ठेवले होते. २००२ च्या पाडव्याला शिल्लक होती ब्याऐंशी हजार सातशे रुपये आणि काही पैसे. खाली त्यांच्या अक्षरात एक ओळ होती : "ही रक्कम तिची आहे. ती मागेल याची वाट पाहू नये."

बंधू-भगिनींनो, ते पान मी वाचले, वही मिटली आणि कपाटात ठेवली. आज देऊ, उद्या देऊ, हंगाम झाला की देऊ. खरे कारण वेगळे होते. ती रक्कम द्यायला गेलो तर हक्कसोडपत्राची आठवण निघणार होती. वडिलांनी जिला न मागता दिले, तिच्याकडून मी न विचारता काढून घेतले होते. अकरा महिने मी गप्प राहिलो. भाऊंसारखाच अबोल. पण त्यांच्या अबोलपणात देणे होते आणि माझ्या अबोलपणात लपविणे होते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

२००५ चे पर्युषण आले. दरवर्षीप्रमाणे मी क्षमापनेची कार्डे छापून घेतली. व्यापाऱ्यांना, दलालांना, गिऱ्हाइकांना पाठवायची ती छापील कार्डे. पत्त्यांच्या यादीत ताईचे नाव होते. 'जाणता-अजाणता काही चूक झाली असल्यास' या छापील ओळीखाली मी सही केली आणि पेन थांबले. अजाणता काही नव्हते. जे होते ते जाणूनबुजून होते. संवत्सरीचे प्रतिक्रमण झाले, चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींना खमावून झाले आणि दुसऱ्या दिवशी पारणे करून मी वही घेऊन सोलापूरच्या गाडीत बसलो. योगायोग असा, की त्याच आठवड्यात, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी सुधारणा अमलात आली. मला ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कळले. आपण कायद्याच्या भीतीने गेलो नाही, एवढेच मला समाधान. आणि तेही अकरा महिन्यांच्या उशिराचे.

मी दाजींच्या समोरच ताईपुढे वही ठेवली. तिने अक्षर ओळखले. पदराने पानावरून हात फिरविला. बराच वेळ काही बोलली नाही. मग मी हक्कसोडपत्राचा विषय काढला आणि क्षमा मागितली. ताईने मला आयुष्यात एकदाच दोष दिला, तो त्या वेळी. ती म्हणाली, "अरे, भाऊ बोलत नव्हते, पण लिहून ठेवत होते. तू बोलला नाहीस आणि लिहिलंही नाहीस."

माझी अपेक्षा होती, की ती मोठ्या मनाने पैसे नाकारील. तिने नाकारले नाहीत. म्हणाली, "ही रक्कम मी घेणार. भाऊंनी दिली आहे. आणि गेल्या तीन वर्षांचं व्याज राहिलंय. हिशेब कर." भाऊंचाच शब्द, भाऊंच्याच आवाजात. मी तिथेच बसून हिशेब केला. पुढे २००६ मध्ये आम्ही दोघा भावांनी बाजारपेठेतील एक गाळा बक्षीसपत्राने तिच्या नावे केला. तिने तो भाड्याने दिला. २०१४ मध्ये ती शिक्षिका म्हणून सेवानिवृत्त झाली. ते गाळाभाडे ती आजही दोन मुलींच्या महाविद्यालयीन शिक्षणाला देते. कोणत्या मुलींच्या, ते तिने मला कधी सांगितलेले नाही. ती भाऊंची लेक आहे.

या अनुभवावरून मी तीन गोष्टी आपणांसमोर ठेवतो.

पहिली गोष्ट कायद्याची, कारण याविषयी आपल्या समाजात अजूनही गैरसमज आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा आपणा जैनांनाही लागू आहे. मुलीला हक्क २००५ साली मिळाला, असे पुष्कळ जण समजतात. वस्तुतः वडिलांनी मृत्युपत्र न करता मागे ठेवलेल्या त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगी १९५६ पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना सहदायाचा हक्क दिला. २००५ मध्ये तो सर्व मुलींना मिळाला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. तेव्हा बहिणीपुढे कोरा कागद सरकविताना आपण तिच्याकडून काय घेत आहोत, हे तिला आधी मोठ्याने वाचून दाखवावे. नंतर तिची इच्छा.

दुसरी गोष्ट पित्यांसाठी. अबोल स्वभाव हा दोष नाही. आपण केलेल्या उपकाराचा उच्चार न करणे हा तर गुणच आहे. परंतु लेकीचे जे आहे ते लिहून ठेवा. मृत्युपत्र साध्या कागदावरही होते. त्यावर स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी सक्तीची नाही. भाऊंनी खतावणीत लिहिले, ते माझ्या हाती पडले. माझ्याऐवजी वाळवीच्या हाती पडले असते, तर?

तिसरी गोष्ट लेकींसाठी आणि आपणा सर्वांसाठी. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावनांत दुसऱ्याचे गुण पाहून आनंदित होण्याला आपण प्रमोद म्हणतो. ताईने भाऊंच्या गुणांची अनुमोदना केली ती ते गेल्यानंतर. मी तिला एकदा विचारले, "हे तू त्यांना सांगितलं होतंस का?" ती म्हणाली, "त्यांच्या शेवटच्या आजारपणात एकदा ती डबी नेली होती. कुपनं दाखवली. त्यांनी चष्मा मागितला, एकेक पाहिलं, तारखेप्रमाणे लावलं आणि म्हणाले, सत्त्याहत्तरच्या जूनचं नाही यात." ते एक कुपन हरवले होते, आणि ते भाऊंच्या ध्यानात होते. तिला जे ऐकायचे होते, ते तिने त्यातच ऐकले.

म्हणून माझी नम्र विनंती आहे, की गुणानुवाद सभेची वाट पाहू नका. या सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेनेच एक दिवस असा ठेवावा, की लेकींनी आपल्या हयात वडिलांसमोर उभे राहून बोलावे. वडिलांनी उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. मला स्वतःला दोन मुली आहेत. मीही फारसा बोलत नाही. परंतु त्यांची खाती मी उघडली आहेत, आणि भाऊंपेक्षा एक पाऊल पुढे जाऊन ती वही कुठे आहे, हे दोघींना सांगून ठेवले आहे.

माझ्या बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास, किंवा कोणाचे मन दुखावले असल्यास, मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडं. ताई, तुला मात्र छापील नव्हे. जय जिनेंद्र.